बसून खाल्लेली वर्षं

ओबेद माझा चुलतभाऊ. नीबोकला त्याचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक उंडीचं झाड आणि त्याच्याच दोन बंद पडलेल्या मोटारी, एवढंच अंतर. त्यामुळे त्याच्या घरात काय चाललंय हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. तो गेला तेव्हा पाळकांनी चर्चमध्ये सांगितलं की ओबेद शांत माणूस होता, कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. आता शांत तो होता हे खरं. पण मला आठवतो तो ओबेद जेवताना इतकं बोलायचा की काकू त्याच्या ताटातला भात झाकून ठेवायची, म्हणायची, आधी तुझं बोलणं होऊ दे, मग जेव.

तेव्हा तो लाँचवर होता. आमच्या नाउरूला धड बंदर नाही. किनाऱ्यापासून जरा पुढे गेलं की समुद्राला तळच लागत नाही, त्यामुळे फॉस्फेट न्यायला येणारी जहाजं मोठाल्या तरंगत्या पिंपांना दोरांनी बांधून ठेवतात. जहाजावरून फेकलेला दोर झेलायचा, लाँचमधून पिंपापर्यंत न्यायचा, उसळत्या पाण्यात पिंपावर उडी मारून अडकवायचा आणि पिंप पायाखालून निसटायच्या आत परत लाँचमध्ये यायचं, हे ओबेदचं काम. सोळाव्या वर्षी लागला. घरी आला की कोणत्या जहाजाचा कप्तान तिरसट, कुठल्या जहाजावरच्या आचाऱ्याने सफरचंदं फेकली, कुणाचा पाय घसरला, सगळं साग्रसंगीत सांगायचा. पश्चिमेचा वारा सुटला की जहाजं बांधता येत नाहीत, दूर समुद्रात भटकत राहतात. त्या दिवसांत लाँचवाल्यांना सुट्टी असायची, आणि ओबेद घरात पिंजऱ्यातल्या जनावरासारखा फिरायचा. काकू वैतागायची. म्हणायची, वारा पडू दे रे देवा, नाहीतर हा माझं घर पाडेल.

मग माती आमची झाली. फॉस्फेटला आम्ही मातीच म्हणतो. इतकी वर्षं गोरे लोक ती नेत होते आणि आमच्या हातावर चिल्लर ठेवत होते; आता राज्य आमचं, माती आमची, पैसा आमचा. ओबेदच्या आईकडून आलेली जमीन वर माथ्यावर होती, जुन्या झाडांची. तिथे मातीचा थर चांगला जाड निघाला. यंत्रांनी तो खरवडून नेला, आणि खाली पांढऱ्या दगडांचे सुळके उरले. ते बघायला आम्ही कुणी गेलो नाही. जमिनीचा मोबदला आला तो आलाच, शिवाय प्रत्येकाच्या नावाने पैसा बाजूला पडत गेला. त्यातून जन्मभर घरबसल्या मिळत राहणार होतं. औषधपाणी फुकट, शाळा फुकट, कर नाही. सभेत सरकारातल्या साहेबांनी सांगितलं की तुमच्या नातवंडांनाही हात हलवायला लागणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवणार? माझा आजा खाणीत फावडं मारून मारून पाठीतून वाकला होता.

लोकांनी कामं सोडायला सुरुवात केली. माझ्या नवऱ्याने सोडलं. मी मात्र बालवाडीत शिकवत राहिले, आणि ते काही कामाच्या ओढीने नव्हे. घरी सासू होती. ओबेदच्या लाँचवरचे आमचे लोक एकेक करत घरी बसले आणि त्यांच्या जागी गिल्बर्ट बेटांवरून आणलेले मजूर आले. शेवटी आमच्यातला तेवढा ओबेद उरला.

त्याच्या बायकोला, सलोमीला, याचा फार त्रास व्हायचा. सलोमी वाईट नव्हती. पण तिच्या माहेरचे नाकाने कांदे सोलणारे. एकदा बुआडाला लग्न होतं, तिथे तिच्या बहिणीने सगळ्या बायकांत विचारलं, "काय गं, ओबेदच्या जमिनीत मातीचा थर पातळ निघाला का? अजून दोर ओढतोय म्हणून विचारलं." बायका हसल्या. मग एके दिवशी सलोमी माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, लोक मला भिकाऱ्याची बायको समजतात, तू तरी सांग त्याला.

मी नाही सांगितलं. सांगितलं ते लाँचवरच्या मुकादमाने. कीटिंग म्हणून ऑस्ट्रेलियन होता, भला माणूस. लाँचवर तेव्हा तेबानो नावाचा गिल्बर्टचा तरुण हंगामी म्हणून लागला होता. तो कायम झाला तरच त्याला बायकोला आणि तान्ह्या मुलीला तारावाहून, त्याच्या बेटावरून, आणता येणार होतं, आणि कायमची जागा रिकामी नव्हती. कीटिंगने ओबेदला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, "तुला या पगाराची गरज आहे का रे?" ओबेद म्हणाला, नाही. "त्या पोराला आहे. तू जागा अडवून बसला आहेस." ओबेदने त्याच दिवशी जागा सोडली.

त्या संध्याकाळी ओबेद उंडीखाली उभा राहून मला म्हणाला, "युनिस, त्याला लहान मुलगी आहे."

"मग बरं केलंस," मी म्हणाले.

"हो ना. बरंच केलं."

सलोमीने त्या आठवड्यात मोठं जेवण घातलं. पाव्हणेरावळे आले, डुक्कर भाजलं. ओबेदने नवा शर्ट घातला होता. लोक त्याची पाठ थोपटत होते.

सुरुवातीला तो रोज सकाळी भोंगा झाला की लाँचच्या धक्क्यावर जाऊन बसायचा. लाँचवरचे हात करायचे, तोही करायचा. मग एक-दोघं चेष्टा करू लागले, मालक आले रे, नीट काम करा. त्यात खोच काही नव्हती. तेबानो तर त्याला दादा म्हणायचा आणि परतताना दोन मासे त्याच्या हातात द्यायचा. पण मालक हा शब्द ओबेदला लागला. तो जायचा बंद झाला.

मग त्याने होडी करायला घेतली. आमच्या एका म्हाताऱ्या काकांना जुन्या पद्धतीची, एका बाजूला तोल सांभाळणारं लाकूड बांधलेली होडी करता यायची. त्यांच्यासोबत ओबेद कित्येक दिवस लाकूड तासत होता. तेव्हा मला तो पुन्हा आधीसारखा बोलताना दिसला. कुठलं लाकूड फुगतं, कुठलं चिरतं, काका कसे शिव्या देतात. सलोमीला वाटलं, नवऱ्याला होडी हवी आहे. तिने मालाच्या छापील पुस्तकातलं चित्र बघून ऑस्ट्रेलियाहून इंजिन लावलेली अ‍ॅल्युमिनियमची बोट मागवली. बोट जहाजावरून आली त्या दिवशी ती किती आनंदली होती! बोटीला तिने रिबीन बांधली होती. ओबेदने तिला मिठी मारली. काकांची होडी अर्धवट तासलेली तशीच परसात राहिली, आणि काका पुढच्या वर्षी वारले. बोट चालवायला सलोमीने माणूस ठेवला. मासे घरी यायचे, ओबेद खायचा.

पुढची वर्षं मी कशी सांगू? सांगण्यासारखं काही घडलंच नाही. मोटारी आल्या. मोटारीची बॅटरी संपली की दुसरी मोटार यायची. टेलिव्हिजन आला, चित्रपटांच्या कॅसेटी आल्या. चिन्याच्या दुकानातून तळलेली कोंबडी, डब्यातलं मांस, पेट्यांनी गोड सोडा. ओबेदचं अंग सुटलं. ज्या माणसाला मी हलत्या पिंपावर उडी घेताना पाहिलं होतं तो खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकायचा. माझ्या शाळेत दुपारी त्याचा फोन यायचा.

"युनिस, काय करतेस?"

"मुलांना अंक शिकवतेय."

"बरं बरं. चालू दे." आणि ठेवून द्यायचा.

मुख्याध्यापिका मला विचारायच्या, काही अडचण आहे का घरी. मी नाही म्हणायचे. अडचण कसलीच नव्हती.

त्याला एकच मुलगी, लिडिया. हुशार होती. तेरा वर्षांची झाल्यावर इथल्या बऱ्याच मुलांसारखी तीही ऑस्ट्रेलियात, जिलाँगच्या वसतिगृहात शिकायला गेली. खर्च सगळा सरकारचा. ओबेद विमानतळावर रडला, पण मला वाटतं तो मनातून सुखावला होता. तिथून तिची पत्रं आली की तो माझ्याकडे घेऊन यायचा आणि वाचून दाखवायचा. तिला विज्ञानात चांगले गुण मिळायचे. तो म्हणायचा, बघ, ही डॉक्टर होते की नाही.

चौथ्या वर्षी मध्येच लिडिया परत आली ती पुन्हा गेलीच नाही. तिथे काही वाईट घडलं नव्हतं. नुसती आली. त्या दुपारी मी त्यांच्या ओसरीवर नीरफणस सोलत बसले होते. ओबेदने तिला विचारलं, पुढे काय ठरवलंयस.

"कशाचं?"

"म्हणजे, कोण व्हायचं ठरवलंयस?"

लिडियाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, हे मी शपथेवर सांगते. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम्ही कोण झालात, बाबा?"

ओबेद खुर्चीत सरळ बसला. मग म्हणाला, "मी लाँचवर होतो."

"कुठल्या लाँचवर?"

तिला ठाऊकच नव्हतं. घरात ती गोष्ट कधी निघालीच नव्हती. ओबेद सांगायला लागणार, एवढ्यात आतून सलोमी म्हणाली, "काय जुन्या गोष्टी उकरून काढता. पोरगी इतक्या दिवसांनी आलीय, तिला काहीतरी खायला द्या." ओबेद उठला आणि तिच्यासाठी आइस्क्रीम घेऊन आला.

लिडियाला मोटार मिळाली. आमच्या बेटाला फेरा मारायला अर्धा तास पुरतो. ती मैत्रिणींना घेऊन फेऱ्या मारायची, एक झाली की दुसरी. मी अंगणात असले की मला ती जाताना दिसायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा जाताना दिसायची. तिचं लग्न झालं, मोडलं. मूल झालं नाही. ती आईबापांकडे राहायला आली आणि तीही ओसरीवर बसू लागली.

मग साखरेची व्याधी आली. आमच्याकडे ती घरोघरी आहे. सलोमीची मूत्रपिंडं गेली. तिला उपचाराला मेलबर्नला न्यायचे आणि आणायचे. ओबेदला खडकांवरून चालताना पायाला कापलं. एवढंसं कापलं होतं. ते चिघळत चिघळत गेलं आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्याने मला पहिली गोष्ट काय विचारली असेल, तर आज जहाज लागलंय का. मी म्हणाले, लागलंय. नव्हतं लागलेलं. माती संपत आली होती, जहाजं महिनोन्‌महिने यायची नाहीत.

पैसा आटला तोही असाच, आधी कुणाला पत्ता नाही आणि मग एकदम. आमच्या नावावर दूरदूरच्या शहरांत ज्या इमारती घेतल्या होत्या त्या विकल्या गेल्या, कर्ज देणाऱ्यांनी होतं नव्हतं ते नेलं. बँकेबाहेर लोक उन्हात उभे राहायचे आणि रिकामे घरी यायचे. कुणाला कळेना की आता करायचं काय. लोकांना रागही नीट करता येत नव्हता, राग करायचा तरी कुणावर. माझ्या नवऱ्याने गळ घेतला आणि खडकांवर गेला. त्याला आमिष कसं लावायचं ते आठवेना. पन्नाशी उलटलेला माणूस गळ हातात धरून परत आला आणि स्वयंपाकघरात बसून राहिला.

कर्जवाल्यांनी आमचं विमानही नेलं तसे सलोमीचे मेलबर्नचे उपचार थांबले.

त्या दिवसांत तेबानो यायचा. तोही आता म्हातारा झाला होता, लाँचवरचा मुख्य माणूस होता. त्यालाही महिनोन्‌महिने पगार नव्हता. पण गिल्बर्टच्या माणसाला समुद्र उपाशी ठेवत नाही. तो आठवड्यातून दोनदा-तीनदा कुपा नाहीतर उडणारे पाखरू मासे घेऊन यायचा आणि ओसरीच्या खांबाला अडकवून ठेवायचा. सलोमी अंथरुणावरून ओबेदला सांगायची, त्याला बसा म्हणा, आणि ती मोडकी खुर्ची देऊ नका. याआधी तिने त्याला कधी बस म्हटलं नव्हतं. तेबानो येणार असला की ओबेदला शर्ट बदलायला लावायची. एकदा मी तिला मासा भरवत होते तेव्हा ती म्हणाली, "युनिस, आमच्याकडे मासे धरायलासुद्धा माणूस ठेवला होता. आता बघ, दान येतंय." मी म्हणाले, अगं मित्र आहे तो ओबेदचा. ती म्हणाली, "ते मला ठाऊक होतं. म्हणूनच तर मला तो आवडायचा नाही." त्याच महिन्यात ती गेली. शेवटी शेवटी तिला श्वास घेणंही कष्टाचं होत होतं, आणि ओबेद तिच्या उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होता, कारण वीजही दिवसातून थोडाच वेळ असायची.

नंतर सरकारने ठरवलं की गिल्बर्टच्या मजुरांना थकलेला पगार देऊन घरी पाठवायचं. तेबानोची दोन मुलं इथेच जन्मली होती. तरी जावं लागणार होतं. जहाज लागायच्या आदल्या दिवशी तो ओबेदला भेटायला आला. मी तिथेच होते, सलोमीचे कपडे वाटायला काढत होते.

तेबानो म्हणाला, "दादा, तुम्ही जागा सोडलीत म्हणून माझं घर उभं राहिलं. थोरली शिक्षिका झाली. हे मी विसरणार नाही."

ओबेदने कुबडी खांबाला टेकवली. मग म्हणाला, "तसलं काही बोलू नकोस. मी तुझ्यावर उपकार केले नव्हते. मला लाज वाटायला लावली म्हणून मी सोडलं. आणि सोडलं त्या दिवसापासून तुझा मला राग यायचा. तू मासे आणायचास तरी यायचा."

मला वाटलं, तेबानो उठून जाईल. पण तो हसला. "आणि माझी बायको मला रोज तुमचं नाव घेऊन टोचायची. तो ओबेद बघ, उठला की पंखा, निजला की पंखा, आणि तू? खारट अंग घेऊन घरी येतोस. मी म्हणायचो, बाई, आपली जमीन नाही, आपण काय करणार."

"काय काय पाहिलंस रे तू तिथे, इतक्या वर्षांत?"

"कुठे?"

"लाँचवर."

तेबानो मग सांगत बसला. कुठलं जहाज कसं आडवं झालं, कोणत्या साली दोर तुटून कुणाची बोटं गेली, एकदा पिंपावर कासव चढून बसलं होतं. उन्हं उतरेपर्यंत सांगत होता. ओबेद मध्ये मध्ये विचारायचा, मग तू काय केलंस, मग दोर कुणी झेलला. मी कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होते. निघताना दोघांनी हात हातात घेतले आणि तसेच थोडा वेळ उभे राहिले, एकजण कुबडीवर.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो. ओबेद आला नाही. मी बोलवायला गेले तर म्हणाला, पाय दुखतोय. कुठला, ते मी विचारलं नाही.

लिडियाला तेव्हा छावणीत काम लागलेलं होतं. छावणी म्हणजे, बोटींतून ऑस्ट्रेलियाला निघालेल्या दूरदेशीच्या माणसांना त्या सरकारने अडवून आमच्याकडे ठेवलं होतं ती. त्यांच्या चादरी-कपडे धुवायच्या जागी लिडिया होती. चाळीशीला आलेल्या बाईची ती पहिली नोकरी. तिला त्याची लाजच वाटायची. डोक्याला रुमाल घट्ट बांधून मागच्या वाटेने जायची. पण ओबेद! तो पहाटे कुबडीवर उठून भात लावायचा, तिचा डबा भरायचा, तिला उशीर होईल म्हणून दारात उभा राहून घाई करायचा. ती म्हणायची, बाबा, मी काय शाळेत चाललेय का. तो म्हणायचा, "किती वाजता उठायचं हे दुसऱ्या कुणीतरी ठरवून दिलेलं असतं ना, ते फार बरं असतं. तुला नाही कळायचं."

संध्याकाळी ती पाय लांब करून बसली की त्याचे प्रश्न सुरू. मुकादम कोण आहे, यंत्र किती मोठं आहे, आज कोण काय म्हणालं. ती थकलेली असायची. एकदा म्हणाली, "धुणं आहे, बाबा. धुण्यात काय सांगायचं?" तर म्हणाला, धुण्याचंच सांग. मग ती हळूहळू सांगू लागली. एकदा मीही बसले होते तेव्हा ती तिथल्या माणसांबद्दल सांगत होती. त्यांना पुढे कुठे पाठवणार ते त्यांना कुणी सांगत नाही. जेवण वेळेवर येतं, कपडे धुऊन मिळतात, डॉक्टर आहे. तरी काहीजणांचं डोकं फिरतं.

"काय करतात ती दिवसभर?" ओबेदने विचारलं.

"काही नाही. फिरतात. कुंपणाच्या कडेकडेने. एक बाप्या आहे, माझ्याकडे येऊन म्हणतो, चादरी मला द्या, मी धुतो. द्यायची परवानगी नाही."

ओबेद त्या रात्री जेवला नाही. मी निघाले तेव्हा मला म्हणाला, "युनिस, त्या माणसाला एखादी चादर धुऊ दिली तर कुणाचं काय बिघडणार आहे?" मी म्हणाले, नियम असतो रे. "नियम असतो," तो म्हणाला.

लिडियाने नंतर मला सांगितलं की ती त्या माणसाला कधीमधी गुपचूप दोन उशांचे अभ्रे द्यायला लागली होती. बाबांनी सांगितलं होतं म्हणे.

ओबेद एका सकाळी ओसरीवरच गेला. लिडिया डबा घेऊन निघून गेली होती. मी हाक मारली, ओ आली नाही. भाताचं पातेलं अजून गरम होतं. तो खुर्चीत नव्हता, पायरीवर बसला होता, खांबाला टेकून.

पुरल्यावर दुसऱ्याच दिवशी लिडिया कामावर गेली. लोक बोलले. बाप जाऊन रात्र नाही झाली आणि ही निघाली. सलोमीची बहीण अजून आहे, ती तर काय काय म्हणाली. मी तिला म्हणाले, त्याला आवडलं असतं ते, आणि ती माझ्याशी भांडली.

पण ते कामही फार दिवस राहिलं नाही. छावणी बंद झाली, ती माणसं कुठे कुठे गेली, यंत्रं बोटीत भरून नेली. लिडिया घरी आली. तिने इस्पितळात विचारलं, शाळेत विचारलं. जागा कुठेच नव्हती. चिन्याच्या दुकानात त्याचे भाचे आहेत. एके दिवशी ती माझ्याकडे आली आणि ओट्याशी उभी राहून तिने विचारलं, "आत्या, आई होती, पैसा होता, तेव्हा बाबा दिवसभर काय करायचे?"

मी एवढंच म्हणाले, बस, हात धू.

आता ती रोज सकाळी येते. मी तांदूळ परातीत काढून ठेवते. ऑस्ट्रेलियाचा तांदूळ, त्यात खडा म्हणून नसतो. दोघी समोरासमोर बसून निवडतो. अजून तिने एकदाही मला विचारलेलं नाही की हे आपण का करतोय.